फणेरपेटीतला आरसा

श्रावण लागला की देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर जिवतीचा नवा कागद लागतो. नरसिंह, कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, लेकरांना कडेवर नि मांडीवर घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली बुध-बृहस्पती. दर वर्षी तेच देव, त्याच जागी, त्याच ठसठशीत रेघांत. मागल्या श्रावणातला कागद कितीही धड राहिलेला असो, यंदा नवाच आणायचा, शुक्रवारी त्याला आघाडा-दूर्वांची माळ घालायची आणि घरातल्या लेकराबाळांना ओवाळायचे, असा आपला परिपाठ आहे. ज्याचे रूप आपल्याला तोंडपाठ आहे त्याच्याकडेही वर्षातून एकदा थांबून, नव्या कागदावर, नव्याने पाहावे, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी रुजली आहे की तिच्याविषयी कुणी वेगळे बोलत नाही.

याच श्रावणात बहुधा १९ ऑगस्टही येतो. जगभर तो छायाचित्रण दिन म्हणून पाळतात. १८३९ साली या दिवशी पॅरिसमध्ये विज्ञान आणि ललित कला या दोन अकादमींच्या एकत्र सभेत फ्रान्स्वा अरागो यांनी लुई दागेर यांची कृती सर्वांसमोर उघड केली. त्याबदल्यात फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याच्या दिवंगत सहकाऱ्याच्या, म्हणजे निएप्सच्या, मुलाला ४,००० फ्रँक असे तहहयात वेतन बांधून दिले होते. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्याला आयोडीनची धुरी, मग अंधाऱ्या पेटीत प्रकाशाचा स्पर्श आणि शेवटी पाऱ्याची वाफ: एखाद्या रसवैद्याने भस्माची कृती सांगावी तशी ती कृती होती. या दिवशी आपल्याकडे प्रदर्शने भरतात, जुन्या जाणत्या छायाचित्रकारांचे सत्कार होतात, वृत्तपत्रे आपल्या संग्रहातली उत्तम छायाचित्रे छापतात. ते सारे व्हायलाच हवे. आपण मात्र या निमित्ताने एका अगदी घरगुती, काहीशा एकांतातल्या छायाचित्राकडे वळू. जे काढणारा आणि ज्याचे काढायचे तो, हे दोघे एकच असतात.

दागेरच्या पद्धतीचे चित्र म्हणजे लख्ख चांदीचा तुकडाच. सरळ समोर धरले तर त्यात पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. जरा कलते केले की आतले माणूस हळूच वर येते. बोट लागून पुसले जाऊ नये, हवेने काळे पडू नये म्हणून ते काचेखाली, झाकणाच्या लहानशा पेटीत जपून ठेवत. या पेटीची बहीण शोभेल अशी वस्तू आपल्या आजीच्या खोलीत होती. फणेरपेटी. सागवानी किंवा शिसवी, झाकण उघडून तिरके उभे केले की त्याच्या आतल्या अंगाला आरसा. खाली कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. आधी मेणाचे बोट कपाळावर टेकायचे, मग त्यावर कुंकू, आणि मग मान जराशी मागे घेऊन क्षणभर एक नजर. झाकण बंद. घर जागे व्हायच्या आत, कुणाला दाखवायचे म्हणून नव्हे, तर दिवस सुरू करायचा म्हणून केलेला तो नेम होता. पॅरिसच्या पेटीने चेहरा धरून ठेवला. आपल्या पेटीने तो रोज पाहिला आणि रोज सोडून दिला.

या दोन पेट्यांच्या मधे कुठेतरी आपला आजचा विषय आहे.

दागेरची कृती समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली न पोहोचली तोच, १८३९ च्याच शरदात, फिलाडेल्फियातला रॉबर्ट कॉर्नेलियस नावाचा तीस वर्षांचा तरुण कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. घरचा धंदा दिव्यांचा, आणि धातूवर चांदी चढवण्यात हा वाकबगार. म्हणून पत्रे घोटून देण्याच्या निमित्ताने तो या नव्या विद्येत शिरलेला. दुकानाबाहेरच्या अंगणात भरपूर उजेड होता. पेटीमागे डोळा लावायला दुसरे कुणी नसावे, असे ते चित्र पाहताना वाटते, कारण कॉर्नेलियस चौकटीच्या मध्यावर नाही. एका बाजूला सरकला आहे. केस विस्कटलेले, हात छातीशी घेतलेले, नजर किंचित तिरकी, जणू आपण नीट उभे आहोत ना हे तो स्वतःशीच पडताळतो आहे. प्रकाशाने काढलेले हे पहिले चित्र, अशा अर्थाची ओळ आणि १८३९ हे साल त्या चित्राच्या पाठीवर लिहिलेले आहे. माणसाच्या चेहऱ्याचे जे अगदी आरंभीचे फोटो आज जगात टिकून आहेत, त्यांत लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला हा एक. पुढे दोन-तीन वर्षे स्टुडिओ चालवून कॉर्नेलियस पुन्हा दिव्यांच्या धंद्यात परतला. नव्या विद्येची चाचणी कुणावर घ्यायची, तर आधी स्वतःवर, हा साधा प्रामाणिकपणा त्या विस्कटलेल्या केसांत दिसतो आणि म्हणून ते चित्र इतके जवळचे वाटते.

लगेच पुढच्या वर्षी, १८४० मध्ये, इपोलित बायार या दुसऱ्या फ्रेंच माणसाने स्वतःला पाण्यात बुडून मेलेला दाखवणारे चित्र काढले. कागदावर छायाचित्र उतरवण्याची स्वतंत्र रीत त्याने शोधली होती, पण सरकारची कृपा दागेरवर झाली. ते दुःख त्याने डोळे मिटून, उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितले. स्वतःचे चित्र नोंद ठेवते तसे गाऱ्हाणेही मांडू शकते, हे छायाचित्रण एक वर्षाचे होते न होते तोच सिद्ध झाले.

आपल्याकडे ही विद्या यायला वेळ लागला नाही. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या वर्तुळातले जाणते नाव होते. तिकडे जयपूरच्या सवाई रामसिंग दुसरे यांनी राजवाड्यातच छायाचित्रांचा कारखाना थाटला आणि रुद्राक्ष ल्यालेल्या शिवभक्ताच्या रूपात स्वतःला काचेवर उतरवून ठेवले. राजेपण बाजूला ठेवून पूजेला बसलेला हा राजा आहे.

परंतु स्वतःचे चित्र काढणे हा आयुष्यभराचा नेम म्हणून आपल्या देशात कुणी निभावला असेल, तर तो उमरावसिंग शेरगिल यांनी. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. १८७० चा जन्म, पंजाबातले मजिठियांचे सरदार घराणे, संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, योगाची ओढ. वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतःला कॅमेऱ्यासमोर बसवायला सुरुवात केली आणि सुमारे साठ वर्षे बसवत राहिले. कुठे फेटा बांधून, कुठे ग्रंथांच्या पसाऱ्यात, कुठे लंगोटीवर, योगाने घडवलेले अंग पुढून आणि पाठमोरे. लाहोर, बुडापेस्ट, सिमला, पॅरिस. गावे बदलली, खोल्या बदलल्या, दाढी पांढरी होत गेली. १९१२ मध्ये हंगेरियन गायिकेशी विवाह, पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये अमृताचा जन्म, मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिसचे बिऱ्हाड; आणि मग १९४१ चा तो डिसेंबर, अठ्ठावीस वर्षांची लेक लाहोरात गेली; काही वर्षांत पत्नीही गेली. १९५४ मध्ये स्वतः उमरावसिंग गेले. एवढ्या सगळ्या काळात या माणसाने ही चित्रे ना विकली, ना त्यांचा गाजावाजा केला. ती घरात राहिली. पुढे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये त्यांतली छायाचित्रे एकमेकांत गुंफून नवी मालिका रचली, तेव्हा आजोबांच्या या एकांतातल्या साधनेकडे जगाचे लक्ष गेले.

साधना हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. उमरावसिंग यांच्या चेहऱ्यावर स्वतःविषयीचे कौतुक शोधून सापडत नाही. सापडते ते कुतूहल. आज हे शरीर असे आहे, हे मन असे दिसते आहे, पाहू या, एवढेच. आणि ज्या घरात बाप कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःला न्याहाळत होता, त्याच घरातली मुलगी रंग घेऊन आरशासमोर बसली. अमृतांनी रंगवलेली स्वतःची चित्रे आज आपण डोळ्यांत साठवतो. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या चित्रासाठी त्यांना सुवर्णपदक दिले, तेव्हा मुंबईने त्यांना ओळखले. त्यांच्या नजरेतली ती निर्भीड स्थिरता कुठून आली असेल, याचे एक उत्तर वडिलांच्या त्या पेटीत असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याकडे अशा गोष्टीला नेमका शब्द आहे: वसा. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या कुणालाही तो फोड करून सांगावा लागत नाही. वसा घेणारी व्यक्ती साधी असते, साधने साधी असतात, दिवस ठरलेला असतो. फळ काय मिळेल ते कहाणी सांगते, पण घेणाऱ्याचे लक्ष फळाकडे कमी आणि तिथीकडे अधिक असते. चुकवायचे नाही, एवढाच त्याचा गाभा.

असा वसा एका पोलिश चित्रकाराने शेवटपर्यंत पाळला. रोमान ओपालका याने १९६५ मध्ये वॉर्सात काळ्या कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने १ हा आकडा काढला, मग २, मग ३. कॅनव्हास भरला की पुढच्यावर पुढचा आकडा. काही वर्षांनी पार्श्वभूमी करडी झाली आणि १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या रंगात एक टक्का पांढरा अधिक मिसळायचा, असा त्याने नियम घातला. म्हणजे एक दिवस पांढऱ्यावर पांढरेच लिहावे लागणार. दिवसाचे काम संपले की तो त्या कॅनव्हासपुढे उभा राहून स्वतःचा एक फोटो काढी. तोच पांढरा सदरा, तोच उजेड, चेहऱ्यावर कोणताही भाव नाही. २०११ मध्ये तो वारला, तेव्हा शेवटचा आकडा होता ५६,०७,२४९. ती छायाचित्रे ओळीने पाहावीत. कालच्या आणि आजच्या फोटोत काही फरक दिसत नाही, परवाच्या आणि आजच्यातही नाही. पण पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एक अख्खे आयुष्य निघून गेलेले असते. केस पांढरे, सदरा पांढरा, मागचा पडदाही जवळजवळ पांढरा. काळ कुणी पाहिला आहे, असे आपण सहज म्हणतो. या माणसाने तो पाहिला.

आता आपल्या खिशातल्या कॅमेऱ्याकडे येऊ. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा त्या वर्षीचा शब्द ठरवला, आणि तेव्हापासून त्याला नावे ठेवणाऱ्यांची कमतरता पडलेली नाही. आपण त्यांच्यात सामील होऊ नये. फोन हाती येण्याआधी आपला फोटो म्हणजे दुसऱ्या कुणाचा हुकूम असे: हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघा, आता हसा. कित्येक मुलींना, कित्येक बायकांना स्वतःचा फोटो स्वतःच्या मर्जीने काढता आला तो याच यंत्रामुळे. ही लहान गोष्ट नाही. पण त्याच यंत्राने आपल्याला एक सवयही लावली. पडद्यावर स्वतःला पाहत आपण चेहरा बेतत जातो, पंचवीस काढतो, चोवीस पुसून टाकतो. मग उरते ती आपल्या आवडीची एक कड, एक तिरका कोन, एक ठरलेले हसू. वर्षामागून वर्षे तेच. एवढे फोटो असून या वर्षीचे आपण त्यांत कुठेच नसतो.

म्हणून वर्षातून एक दिवस पडदा पाठमोरा करावा. तो १९ ऑगस्ट असो, पाडवा असो की आपला वाढदिवस. दिवस ठरवावा आणि मग तो आपल्या मर्जीवर ठेवू नये. खिडकी शक्यतो उत्तरेची असावी. श्रावणात तर आभाळच मोठा पांढरा पडदा होऊन येणारा उजेड गाळून देते, चेहऱ्यावर कठोर सावली पडतच नाही. खिडकीला काटकोनात खुर्ची ठेवावी. तिपाई नसेल तर स्टुलावर पितळी डबा, त्यावर चार पुस्तके, त्याला टेकून फोन, मागचा कॅमेरा आपल्याकडे. अंतर चार-पाच फुटांचे हवे. हातभरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे सरतात, तो चेहरा आपला नव्हे, त्या अंतराचा असतो. फोकससाठी खुर्चीच्या पाठीवर क्षणभर एखादा टॉवेल टाकावा, तिथे नजर बांधून घ्यावी, टॉवेल काढावा, दहा सेकंदांचा टायमर लावून जाऊन बसावे. ही दहा सेकंदे फार लांब असतात. पहिल्या तीन-चारांत केस सारखे करायला हात उचलतो. मग तो आपोआप खाली येतो. शेवटच्या दोनांत दिवा भराभर लुकलुकू लागतो आणि नेमके तेव्हा आपल्याला आठवते की, आपण कसे दिसतो हे ठरवायचे राहूनच गेले.

तो फोटो पाहिल्यावर पहिल्यांदा दचकायला होते. भांग भलत्याच बाजूला, गालावरचा तीळ चुकीच्या जागी. कारण जन्मभर आपण आपला चेहरा उलटा पाहिलेला असतो, आरशातला. आणि घरचे, शेजारचे, बसमधले, सगळे ज्याला ओळखतात तो दुसराच असतो. आपल्याशिवाय सर्वांना ठाऊक असलेल्या या माणसाशी वर्षातून एकदा तरी आपली भेट घडावी. दुसरा फोटो काढू नये. डोळा अर्धवट मिटला असेल तर तो तसाच या वर्षीचा.

वशाची खरी परीक्षा वाईट वर्षी होते. आजारपणात केस गेलेले असतात, घरातले माणूस गेलेले असते, रात्ररात्र जागून डोळ्यांखाली काळी वर्तुळे आलेली असतात. कुणाला तोंड दाखवू नये, स्वतःलाही नाही, असे वाटते. त्या वर्षी खुर्ची खिडकीशी ओढणे हे मोठे काम आहे. उमरावसिंगांना १९४१ नंतर कॅमेऱ्यासमोर बसताना काय वाटले असेल, याचा आपण अंदाजही करू नये; पण ते बसत राहिले. आपल्याकडे तेराव्यानंतर गोडधोड करून माणसे सुतकातून बाहेर येतात, चूल पुन्हा नेहमीची पेटते. नेमाचे मोल तिथे कळते. मन तयार नसताना तिथी येते आणि हात धरून उठवते.

फोटो काढल्यावर एक काम उरते, आणि त्यात आपण फार कसूर करतो. एक प्रत कागदावर काढून घ्यावी आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेले जुने फोटो आठवून पाहा. कडा नक्षीदार कातरलेल्या, काळ्या जाड कागदावर चार कोपऱ्यांत चिकटवलेले, आणि पाठ कोरी. काठाचे लुगडे नेसलेली ही कोण? सांगू शकणारे शेवटचे माणूस गेल्या वर्षी गेले.

आणि ज्यांचा फोटोच नाही, त्यांचे काय? घरात कुणी गेले की हारासाठी फोटो शोधताना किती धावपळ होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुणाच्या तरी लग्नातल्या समूहात मागल्या रांगेत ती उभी असते. तेवढा चेहरा कापून मोठा करतात, तो धूसर होतो, आणि चौकटीच्या कडेला शेजारणीच्या पदराचा किंवा खांद्याचा एक तुकडा राहून जातो. जन्मभर फणेरपेटी उघडून जिने रोज स्वतःला पाहिले, तिचा स्वतःच्या हातचा एकही फोटो नाही. तिने काढला नाही, आणि तिच्या हाती कॅमेरा द्यावा हे आपल्याला सुचले नाही. ही आपली बाकी आहे, आणि ज्यांच्या घरात अजून एखादी आजी, मावशी, आत्या आहे त्यांना ती याच श्रावणात चुकती करता येईल.

एखाद्या शुक्रवारी, जिवतीला माळ घालून झाली, पुरणाचा नैवेद्य झाला, की तिला खिडकीशी बसवावे. फोटो आपण काढू नये. अंगठ्याएवढा रिमोट मिळतो, तो तिच्या मुठीत द्यावा आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहावे. ती आधी पदर सारखा करील. मग चष्मा काढील, मांडीवर ठेवील, पुन्हा लावील. आतून हाक येईल, “अगं, कुठे बघू?” आपण म्हणावे, “आजी, तुला हवे तिकडे.” मग जरा वेळ काहीच ऐकू येणार नाही; फक्त पागोळ्यांचा आवाज, आणि मग, आपल्याला वाटते त्याच्या कितीतरी आधी, तो लहानसा खट्.